महागड्या रनिंग बॅकवर वाद कसा घालावा

मार्चचा दुसरा आठवडा जवळ आला की अमेरिकी फुटबॉलच्या रसिकाने घरातली बाकीची कामे उरकून घ्यावीत. एनएफएलमध्ये ज्यांचे करार संपले ते खेळाडू ह्या आठवड्यात मोकळे होतात. त्यांना फ्री एजंट म्हणतात, आणि त्यांच्यावर पैशांची उधळण सुरू होते. मैदानावर ह्या दिवसांत काहीच घडत नसते; पहिल्या सामन्याला सहा महिने असतात. वादाला हाच काळ उत्तम. एकदा खेळ सुरू झाला की वादात पुराव्यांचा व्यत्यय येऊ लागतो.

हे मार्गदर्शन फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाचे पाठीराखे नजरेसमोर ठेवून लिहिले आहे. त्या गावाला ह्या कलेची परंपरा आहे. १९६८ च्या डिसेंबरात संघ फार वाईट खेळत होता, म्हणून मध्यंतरात आलेल्या सांताक्लॉजला प्रेक्षकांनी बर्फाचे गोळे मारले होते. त्याबद्दल गावाला फारसा पश्चात्ताप झालेला दिसत नाही. शिवाय अभ्यासाला उदाहरणही इथलेच झकास आहे. २०२४ च्या मार्चमध्ये ईगल्सचे जनरल मॅनेजर हावी रोझमन यांनी सेक्वॉन बार्कली नावाचा रनिंग बॅक घेतला. करार तीन वर्षांचा, ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलरचा, त्यातले २ कोटी ६० लाख हमीचे. आणि आणला कुठून, तर न्यूयॉर्क जायंट्समधून, म्हणजे अगदी भाऊबंदकीतल्या वैऱ्याकडून.

नवख्यांसाठी एवढेच: क्वार्टरबॅकने दिलेला चेंडू पोटाशी धरून समोरच्या अकरा आडदांड माणसांत घुसायचे, मिळतील तेवढे यार्ड पदरात पाडून घ्यायचे आणि खाली आपटायचे, हे रनिंग बॅकचे काम. सामन्यात हे वीस-वीसदा करायचे. साहजिकच सत्ताविशी आली की लोक त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता गुडघ्याकडे पाहू लागतात. बार्कली करार करताना सत्तावीस वर्षांचाच होता, आणि त्याचा एक गुडघा २०२० मध्ये कामातून गेलेला होता. २०२३ च्या जुलैत देशभरच्या नामवंत रनिंग बॅकनी, आपल्याला कोणी पैसे देत नाही म्हणून, झूमवर बैठक भरवली होती. तोडगा काही निघाला नाही. पण वादात ह्या बैठकीचा उल्लेख केल्याने आपले वाचन दिसते, तेव्हा तो जरूर करावा.

आता मुख्य विधी. कराराचा तपशील वाचण्याआधी आपला पक्ष ठरवून टाकावा. आधी तपशील वाचणाऱ्याचे मत डळमळते आणि तो समाजातून उठतो.

‘पैसे पाण्यात’ पक्षात जायचे असेल तर तीन नावे पाठ करावीत आणि प्रत्येकानंतर थोडे थांबावे. पहिले डीमार्को मरी. हे घरातलेच दुखणे आहे. डॅलसकडून २०१४ मध्ये १,८४५ यार्ड धावून तो सगळ्या लीगमध्ये पहिला आला. ईगल्सने त्याला पाच वर्षांसाठी ४ कोटींच्या घरात आणले. पुढच्या मोसमात त्याने ७०२ यार्ड काढले, आणि वर्ष पुरे होते न होते तोच त्याची टेनेसीला रवानगी झाली. दुसरे लेव्हियन बेल. २०१८ चा अख्खा मोसम तो पिट्सबर्गवर रुसून घरी बसला, मग जेट्सने त्याच्यासाठी ५ कोटी २५ लाखांचा करार केला आणि दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्याला सोडून दिले. तिसरे टॉड गर्ली. तो फ्री एजंट नव्हताच, रॅम्सने स्वतःच्याच खेळाडूचा करार वाढवला होता, असा आक्षेप कोणी घेतलाच तर त्याच्याकडे करुणेने पाहावे आणि पुढे बोलत राहावे.

‘आणा त्याला’ पक्षाचे काम जरा अवघड. त्यांनी पैशांबद्दल बोलायचे, पण एकूण रक्कम चुकूनही उच्चारायची नाही. २०२४ मध्ये प्रत्येक संघाला खेळाडूंवर २५ कोटी ५४ लाख डॉलर खर्चायची मर्यादा होती. तिला कॅप म्हणतात. बार्कलीचा पहिल्या वर्षीचा कॅपवरचा भार किती? ४० लाख डॉलरही नाही. हे कसे जमते, तर सही करताना दिलेला बोनस हिशेबात पाच वर्षांपर्यंत पसरता येतो, आणि त्यासाठी करारात अशीही वर्षे घुसवतात ज्यांत हा गृहस्थ खेळायला असेलच असे नाही. विकून टाकलेल्या गाडीचे हप्ते भरत राहावे, तसा हा प्रकार. रोझमन ह्यात पारंगत आहेत. म्हणून विरोधकाने ‘पावणेचार कोटी!’ असे ओरडावे, समर्थकाने ‘चाळीस लाखसुद्धा नाहीत’ असे शांतपणे सांगावे. दोघेही खरे बोलत असल्यामुळे हा टप्पा कितीही वेळ चालवता येतो. अगदीच कंटाळा आला तर कोणीतरी ‘कॅप-बिप सगळं खोटं असतं हो’ असे म्हणून तो बंद करावा. हे वाक्य प्रत्येक गावात ठेवलेलेच असते.

खरी मजा पुढे आहे, आणि इथे घाई करू नये. रनिंग बॅकच्या पुढे पाच अगडबंब माणसांची ओळ असते. समोरच्यांना ढकलून वाट करून द्यायची आणि नाव दुसऱ्याचे होताना पाहायचे, हा त्यांचा धंदा. फिलाडेल्फियाची ही ओळ म्हणजे गावाचे दैवत. तिला घडवणारे जेफ स्टाउटलंड हे मोठे प्रशिक्षक. डावीकडे जॉर्डन मायलाटा, ऑस्ट्रेलियाचा. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये ईगल्सने त्याला निवडले तोवर त्याने रग्बी लीगच खेळली होती, ह्या खेळाचा एक सामनाही नाही. उजवीकडे लेन जॉन्सन. मधोमध असलेला जेसन केल्सी मात्र नेमका त्याच मार्चमध्ये निवृत्त झाला, तेव्हा दोन्ही पक्षांनी त्याच्या नावाने आधी एकदा हळहळून घ्यावे.

तर आता एका बाजूने म्हणावे, ‘ह्या ओळीमागे कोणीही धावेल, मग एवढे पैसे कशाला?’ दुसरीने म्हणावे, ‘जायंट्सच्या त्या मोडक्या ओळीमागे जो एवढा धावला, तो ह्या ओळीमागे काय करील!’ मुद्दा एकच आहे, फक्त दोन टोकांनी धरलेला. माझ्या मते ह्या सगळ्या वादात विचारण्याजोगा प्रश्न हाच आहे, आणि म्हणूनच त्याला उत्तर नाही. एकच माणूस एकाच दुपारी दोन वेगळ्या ओळींमागे धावून दाखवणार कसा? ज्याला हे कळते त्याने ते मनातच ठेवावे, नाहीतर मंडळी उठून घरी जातील.

न्यू जर्सीत राहणाऱ्यांसाठी थोडी वेगळी सूचना. ह्या राज्याचा दक्षिण भाग ईगल्सचा, उत्तर भाग जायंट्सचा; नाव न्यूयॉर्कचे असले तरी जायंट्स खेळतात न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डमध्येच. मराठी कुटुंबे दोन्हीकडे आहेत आणि त्यांच्यात सोयरिकीही होतात. २०२४ च्या मोसमातला ईगल्सचा पहिला सामना ब्राझीलमध्ये साओ पावलोला होता, तारीख ६ सप्टेंबर, शुक्रवार. त्या दिवशी हरतालिका, दुसऱ्या दिवशी गणपती. बार्कलीने त्या रात्री तीन टचडाउन केले. एका हाताने मखराची दिव्यांची माळ धरून वाद कसा घालावा, ह्याचा हा नमुना:

‘भावजी, पाहिलंत का तुमच्या सेक्वॉनला?’

‘आमचा कसला आता? तुम्हीच नेलात.’

‘नेला कसला, तुम्ही सोडलात!’

‘अहो, पहिलाच सामना आहे. गुडघा काय म्हणतोय ते डिसेंबरात बघू. ती माळ जरा वर धरा.’

ह्यात भावजींनी वादाची मुदत हळूच तीन महिने पुढे ढकलली आणि वर कामही सांगितले. ह्याला म्हणतात मुरलेला रसिक.

मोसम सुरू झाल्यावर मुख्य शस्त्र एकच: ‘मी म्हणालो नव्हतो?’ ते जपून वापरावे. १६ सप्टेंबरला विरोधकांचा दिवस उगवला. अटलांटाविरुद्ध घरच्या मैदानावर ईगल्स पुढे होते, दोन मिनिटेही उरली नव्हती, आणि बार्कलीच्या हातात सरळ आलेला सोपा पास सुटला. घड्याळ थांबले, अटलांटाने संधी साधली, सामना २२-२१ असा गेला. त्या रात्री ‘हे आमचे पावणेचार कोटी’ हे वाक्य ज्याने तीनपेक्षा जास्त वेळा उच्चारले त्याला पुढे फार जड गेले. कारण २० ऑक्टोबरला बार्कली जायंट्सच्याच मैदानात १७६ यार्ड धावला. ३ नोव्हेंबरला जॅक्सनव्हिलच्या एका बचावपटूवरून तो पाठमोरा उडी मारून पलीकडे गेला. म्हणजे तोंड एकीकडे, जाणे दुसरीकडे, आणि खाली आला तो पायांवर. ह्या प्रकाराला वादात उत्तर नाही. अशा वेळी ‘उडी छान, पण तीन वर्षांनी मारील का?’ असे म्हणून पाणी प्यायला उठावे. २४ नोव्हेंबरला लॉस एंजेलिसमध्ये २५५ यार्ड झाले तेव्हा मात्र उठायलाही उशीर झाला होता.

ह्याच काळात जायंट्सवाल्यांशी वागताना सौजन्य पाळावे. त्यांचे मालक जॉन मारा, बार्कली फिलाडेल्फियाला गेला तर आपल्याला झोप लागणे अवघड होईल, असे आपल्या जनरल मॅनेजरला सांगताना टीव्हीवरच्या एका मालिकेत सगळ्या देशाला दिसले होते. सकाळी सकाळी जायंट्सवाल्यांना ‘झोप लागली का?’ एवढेच विचारावे. जास्त बोलू नये.

मोसमाअखेर बार्कलीचे २,००५ यार्ड झाले. एरिक डिकरसनचा १९८४ चा २,१०५ यार्डांचा विक्रम मोडायला १०१ हवे होते, सामना एक उरला होता, आणि तोही जायंट्सशी. प्रशिक्षक निक सिरियानी यांनी त्याला विश्रांती दिली. इथे अभ्यासकाला एक मनोहर दृश्य पाहायला मिळते. मार्चमध्ये ‘त्याचा गुडघा टिकणार नाही’ म्हणणारे आता ‘बसवला कशाला, धावू द्या की’ म्हणत होते, आणि मार्चमध्ये त्याच्यासाठी घसा कोरडा करणारे गुडघ्याच्या काळजीने व्याकूळ झाले होते. पक्ष असे बदलतात तेव्हा कोणीही कोणाला मागचे आठवून देऊ नये, हा अलिखित नियम आहे.

पुढे ९ फेब्रुवारी २०२५ ला, बार्कलीच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, ईगल्सनी कॅन्सस सिटीला ४०-२२ असे हरवून सुपर बोल जिंकला. वाद संपला? तसे समजणारा कच्चा. विरोधकाने मिरवणूक ओसरेपर्यंत थांबावे आणि मग दोन आकडे काढावेत. एक, त्या सामन्यात बार्कली पंचवीस वेळा धावून ५७ यार्डच मिळवू शकला. सामना बचावाने आणि क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सने जिंकला. दोन, २०२४ च्याच मार्चमध्ये बाल्टिमोरने तिशीतल्या डेरिक हेन्रीला दोन वर्षांसाठी १ कोटी ६० लाखांत घेतले आणि तो १,९२१ यार्ड धावला. समर्थकाने ह्यावर सुपर बोलच्या अंगठीचा उल्लेख करावा. अंगठी हेन्रीकडे नाही.

लगेच मार्च आलाच. ईगल्सनी बार्कलीचा करार आणखी दोन वर्षांनी वाढवला: ४ कोटी १२ लाख, म्हणजे वर्षाला २ कोटी ६ लाख. एवढी वार्षिक रक्कम मिळवणारा तो पहिला रनिंग बॅक. आता मरी, बेल आणि गर्ली ह्यांची नावे पुन्हा धुऊन-पुसून घ्यावीत. गर्लीचे उदाहरण ह्या खेपेला तंतोतंत लागू पडते, तेव्हा पूर्वी ज्याने आक्षेप घेतला होता त्याला शोधून काढून आवर्जून सांगावे. २०२५ च्या मोसमात बार्कली दोन हजारांच्या आसपासही फिरकला नाही, त्यामुळे विरोधकांना माल भरपूर मिळाला. समर्थकांनी ओळीतल्या दुखापतींची यादी खिशात ठेवावी.

राहता राहिला जर्सीचा प्रश्न. बार्कलीची सव्वीस क्रमांकाची जर्सी करार जाहीर झाल्याच्या दिवशीच घेऊ नये, आणि घेतलीच तर पहिल्या पराभवापर्यंत तिचे लेबल काढू नये. ज्यांच्या कपाटात अजून मरीची एकोणतीस क्रमांकाची आहे, त्यांनी ती बागकामाला वापरावी. रंग हिरवाच असल्याने डाग दिसत नाहीत.