नगावर शवविच्छेदन

अमेरिकेत कुणाच्या मृत्यूबद्दल शंका आली की अनेक राज्यांत चौकशीचे लोढणे काउंटीच्या गळ्यात पडते. ही चौकशी करणारा अधिकारी, म्हणजे कॉरोनर, तिथे निवडणुकीत निवडून येतो. मते मिळवता आली म्हणजे झाले. मिसिसिपीत डॉक्टरकी लागत नाही, शालेय शिक्षण पुरते. मात्र मृतदेह उघडायला न्यायवैद्यक तज्ज्ञच हवा, आणि असे पूर्णवेळ तज्ज्ञ साऱ्या देशात मिळून हजारही नाहीत.

मिसिसिपीने तोडगा काढला: नगावर पैसे. राज्याचे मुख्य न्यायवैद्यक पद वर्षानुवर्षे रिकामे, आणि काउंट्यांची कामे डॉ. स्टीव्हन हेन या खासगी डॉक्टरकडे. तज्ज्ञांच्या संघटनेच्या मते एका डॉक्टरने वर्षाला 250 शवविच्छेदने करावीत. 325 ओलांडली तर कार्यालयाची मान्यता धोक्यात येते. हेन दीड हजारांच्या घरात पोचले. म्हणजे सुट्टीबिट्टी न घेता रोज चार! एवढा कामसू माणूस कुठल्या सरकारला नको असेल? भाव ठरलेला, अहवाल वेळेवर, सरकारी वकील खूश.

खुनाच्या आरोपात सापडलेल्या लेव्हन ब्रुक्स आणि केनेडी ब्रूअर यांना मात्र हा उरक महागात पडला. हेन यांनी मृतदेहांवर दाताच्या खुणा पाहिल्या, एका दंतवैद्याने त्या या दोघांच्या ठरवल्या. ब्रुक्सना जन्मठेप, ब्रूअरना मृत्युदंड. खरा गुन्हेगार सापडून दोघे निर्दोष ठरायला 2008 उजाडले. राज्याने हेन यांचे काम थांबवले तेही त्याच वर्षी.

गोंधळ फक्त मिसिसिपीतच नव्हता. कॅलिफोर्नियाच्या सॅन होकिन काउंटीत शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुखच, कॉरोनर होता. तो निष्कर्षांत ढवळाढवळ करतो, असा आरोप करून तिथले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. बेनेट ओमालू यांनी 2017 मध्ये राजीनामा दिला. शेरीफने आरोप फेटाळला. काउंटीने मात्र पुढच्याच वर्षी ते खाते त्याच्याकडून काढून घ्यायचे ठरवले.