केळवं दोन नंबरच्या नादाला!

ऐकलंत का? केळव्याची पोरं म्हणे दोन नंबरमध्ये जाणार. चोरून नाही, उघड उघड, आईबापांच्या तोंडावर सांगून! एका घरात तर ऐन जेवणाच्या वेळी जाहीर झालं, ‘मला दोन नंबर करायचाय.’ बापाचा घास घशात अडकला. मग खुलासा झाला. बास्केटबॉलच्या संघाचे मैदानात पाच जण, त्यांच्या जागांना एक ते पाच आकडे, आणि दोन आकड्याच्या जागेचं नाव शूटिंग गार्ड. बापाचा जीव भांड्यात पडला. आजी मात्र अजून साशंक आहे. शूटिंगही करतो आणि गार्डही आहे, म्हणजे बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतो तोच ना? मग त्याला एवढे महागाचे बूट कशाला?

आता तुम्हीच सांगा, या गावाला काय कमी होतं? शीतलादेवी आहे, सुरूची बाग आहे, पानवेली आहेत, रविवारी समुद्रावर मुंबईकरांची जत्रा आहे. खेळायचंच तर क्रिकेट आहे, कबड्डी आहे. हे सगळं सोडून नाद कुणाचा लागावा, तर ज्याचं मुख्य काम लांब उभं राहायचं आणि चेंडू हातात आला की आजूबाजूला न बघता फेकायचा, त्या माणसाचा! ज्या गुणापायी आपण घरोघरी पोरांचे कान पिळतो, त्याच गुणाचे तिकडे अमेरिकेत कोट्यवधी डॉलर मिळतात. मग पोरांनी ऐकायचं कुणाचं?

बरं, हे वेड मोबाईलपुरतं असतं तरी चाललं असतं. पण नाही. सुरूच्या खोडाला रिंग ठोकली गेली. रिंग कुठली, तर तारापूरच्या एमआयडीसीतून भंगारात आलेल्या पिंपाची लोखंडी कडी. जाळी कुठली, तर मासेमारीच्या फाटक्या जाळ्याचा तुकडा, गाठी मारून घट्ट केलेला. उंची मोजायला नारळ पाडायची शिडी. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, बोटभर इकडेतिकडे झालं की भांडण. वहीत समास कधी सरळ न ओढलेली पोरं आता वाळूत तीन गुणांची रेघ ओढतात. वाऱ्याने पुसली, पर्यटकांनी तुडवली की पुन्हा ओढतात. त्यातही दोन तट. एक तट म्हणतो आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ६.७५ मीटर, दुसरा म्हणतो छे, अमेरिकेतल्या एनबीए लीगची समोरून ७.२४ असते, आपण काय कमी आहोत? अहो, रिंगला चेंडू लागण्याची मारामार, आणि वाद अर्ध्या मीटरचा!

खरी गंमत पुढेच आहे. वाळूत चेंडू उसळत नाही. सुरूखाली तर मुळीच नाही. खाली भुसभुशीत वाळू, वर सुरूच्या सुयांची गादी. टप्पा मारला की चेंडू जागच्या जागी बसतो, जणू त्याला वाईट बातमी कळलीय. ओहोटीच्या ओल्या वाळूवर थोडा उसळतो, पण तिथे रिंग लावायची कशाला? लाटेला? त्यामुळे चेंडू आपटत नेणारा, चाल रचणारा एक नंबर या गावात पिकणारच नाही. उरला कोण? उभ्या उभ्या फेकणारा दोन नंबर. भूगोलाचाच दोष, पोरांना काय बोलणार?

आणि बोलायला गेलात तर पोरं दाखला तोंडावर मारतात. ५ डिसेंबर २०१६, गोल्डन स्टेटचा क्ले थॉम्पसन, समोर इंडियाना पेसर्स. त्याने २९ मिनिटांत ६० गुण केले आणि अख्ख्या सामन्यात चेंडू जमिनीवर आपटला फक्त अकरा वेळा. अकरा! केळवे रोड स्टेशनवरून गावात येईपर्यंत रिक्षात बसलेला माणूस याहून जास्त उसळतो. त्याच थॉम्पसनने २३ जानेवारी २०१५ ला सॅक्रामेंटो किंग्जविरुद्ध एका डावात, म्हणजे बारा मिनिटांत, ३७ गुण केले होते. बारा मिनिटांत आपल्याकडे चहासुद्धा होत नाही.

हे किंग्ज कुणाचे, माहीत आहे ना? रणदिवे! मुंबईत वाढलेले विवेक रणदिवे, २०१३ मध्ये एनबीएचा संघ विकत घेणाऱ्या गटाचे म्होरके. मराठी आडनावाच्या माणसाने अमेरिकेत घर घेतलं की आपण कौतुक करतो, गाडी घेतली की फोटो मागवतो. यांनी संघच घेतला! आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये तो उचलून वरळीला आणला. ४ आणि ५ तारखेला एनएससीआयच्या घुमटाखाली किंग्ज विरुद्ध पेसर्स, भारतात एनबीएचे पहिले सामने. पहिल्याला प्रेक्षक म्हणून शाळकरी मुलं बोलावलेली, साधारण तीन हजार. जादा वेळेत गेलेला तो सामना पेसर्सनी १३२-१३१ असा जिंकला, दुसराही त्यांनीच खाल्ला. यजमानाला घरच्या अंगणात दोनदा आपटलं. पण मजा बघा, पालघरपासून डहाणूपर्यंत आज कुणालाही विचारा, ‘मी होतो तिथे’ म्हणेल. जितके म्हणतात तितके खरोखर गेले असते तर त्या दिवशी घुमटाच्या भिंती बाहेर आल्या असत्या.

याच सामन्यांतून गावाला आपलं दैवत मिळालं. जॉर्डन आणि कोबी ब्रायंट हे मोठे देव, त्यांची देवळं जगभर. गावाला आपला वेगळा देव लागतो. तो म्हणजे किंग्जचा तेव्हाचा शूटिंग गार्ड बडी हील्ड. बहामा बेटांवरचा, एट माइल रॉक नावाच्या किनाऱ्यावरच्या वस्तीत वाढलेला. सात भावंडं, सगळ्यांना वाढवणारी एकटी आई, आणि रिंग घ्यायला पैसे नाहीत म्हणून दुधाच्या क्रेटचा तळ कापून तो खांबाला ठोकणारं पोरगं. झालं! ही गोष्ट केळव्यात पोचली आणि पिंपाच्या कडीला एकदम कुळ मिळालं. समुद्र आहे? आहे. जुगाड आहे? आहे. आईची बोलणी? ती तर भरपूर आहेत. मग कमी काय?

आणि काय ते करिअर! आपल्या मालिकावाल्यांनाही सुचणार नाही. कॉलेजात ओक्लाहोमाकडून खेळताना २०१६ मध्ये देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचे किताब घेतले. त्याच वर्षी एनबीएच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत न्यू ऑर्लीन्सने सहाव्या क्रमांकावर उचलला आणि मोसम संपायच्या आत, फेब्रुवारी २०१७ मध्ये, सॅक्रामेंटोला देऊनही टाकला. मालक रणदिवेंना म्हणे त्याच्यात पुढचा स्टेफ करी दिसला. सासऱ्याला जावयात जे दिसतं ते शेजाऱ्यांना कधी दिसतं का? पण असो. डिसेंबर २०१८ मध्ये वेगळाच बाँब फुटला. वाढदिवस आला आणि कळलं की सगळे समजत होते त्यापेक्षा गडी एका वर्षाने मोठा आहे! पंचवीस नव्हे, सव्वीस. कागदोपत्री कुणीतरी १९९३ लिहिलं होतं, खरं साल १९९२. तो म्हणाला, मी कधी लपवलंच नाही. तिकडे केवढी बोंबाबोंब! आपल्याकडे शाळेत नाव घालताना मास्तरांनी एक जून तारीख टाकलेली अर्धी पिढी निवृत्त झाली, कुणी हूं की चूं केलं नाही.

मुंबईहून परतल्यावर त्याने आणखी एक केलं. करारात जी रक्कम देऊ केली ती अपमानास्पद वाटते, अशी जाहीर कुरकुर. लाज नाही, भीड नाही! मग त्याच ऑक्टोबरात चार वर्षांचा करार झाला, आठ कोटी डॉलरहून मोठा. आणि थोड्याच महिन्यांत, जानेवारी २०२० मध्ये, सुरुवातीच्या पाचांतून काढून बाकावर बसवला. एवढे पैसे देऊन बाकावर? देऊन टाका आम्हाला, आम्ही पण बसतो. त्याने काय करावं? पुढच्याच महिन्यात शिकागोला जाऊन एनबीएची तीन गुणांच्या फेकीची स्पर्धा जिंकली, डेव्हिन बुकरला २७-२६ असं हरवून. बसवणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून!

पण आपल्या चर्चेचा खरा खमंग घास आहे तो २०२३-२४ चा मोसम. एनबीएत प्रत्येक संघाचे सामने ८२. बरोबर? हील्डने त्या मोसमात खेळलेले सामने ८४! ही बातमी केळव्यात पहिल्यांदा आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, पोरांनी आकडा फुगवला. तसं नाही. ५२ सामने इंडियानाकडून झाल्यावर फेब्रुवारीत त्याला फिलाडेल्फियाला पाठवला, त्यांचे बरेच सामने शिल्लक होते, तिथे तो ३२ खेळला. एकही दिवस दुखणं नाही, एकही रजा नाही, वर दोन दिवस जास्तीचे. आता याला पगारदार म्हणावं की वेठबिगार? बोईसरच्या कंपन्यांत साहेबलोकांनी हे उदाहरण अजून वापरलेलं नाही, कृपा करून त्यांच्या कानावर घालू नका.

या माणसाला प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीचं दार दिसलं ते थेट आठव्या मोसमात. आणि मग ४ मे २०२५, तेव्हा संघ गोल्डन स्टेट, ह्यूस्टनच्या घरात मालिकेचा सातवा आणि निर्णायक सामना. हील्डने तीन गुणांच्या नऊ फेकी मारल्या, एकूण ३३ गुण, संघ १०३-८९ ने पुढे. आपल्याकडे तेव्हा ५ तारखेची सकाळ होती. एका घरातून जी आरोळी उठली, ती ऐकून शेजारचे धावत आले. चोर नाही, साप नाही. बडी!

एवढ्यावर थांबलं तर गाव कसलं? म्हातारेही बाटले. अणुऊर्जा केंद्रातून निवृत्त झालेले एक काका आहेत. तारापूरची वीज १९६९ पासून देशाला मिळते, आणि काकांच्या मेंदूतली अजून संपलेली नाही. ते पोरांना वाळूत काडीने गणित शिकवतात. जवळून शंभर फेकी, पन्नास गेल्या, गुण शंभर. लांबून शंभर फेकी, चाळीसच गेल्या, गुण एकशे वीस. जास्त चुका, जास्त कमाई! एनबीएने ही तीन गुणांची रेघ १९७९ मध्ये आणली तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. पहिल्या मोसमात एकेक संघ सामन्यात सरासरी तीन फेकीसुद्धा तिच्याबाहेरून करत नव्हता. आता पस्तीसच्या वर करतात. एवढं साधं गणित कळायला अमेरिकेला तीस-चाळीस वर्षं लागली, काकांना एक दुपार.

पण पोरांनी त्यातून काय उचललं? ४४ टक्क्यांचं समर्थन! कोबी ब्रायंटचा शेवटचा सामना, १३ एप्रिल २०१६. पन्नास फेकी केल्या त्याने, पन्नास! गेल्या बावीस, हुकल्या अठ्ठावीस, गुण साठ, आणि जग ढसाढसा रडलं. बावीस भागिले पन्नास किती? चव्वेचाळीस टक्के. अख्ख्या कारकिर्दीत त्याने १४,४८१ फेकी हुकवल्या, आणि तो उच्चांक २०२४ मध्ये लेब्रॉन जेम्सने मोडेपर्यंत त्याच्याच नावावर होता. एका पोराने सहामाहीचं प्रगतिपुस्तक आईपुढे धरलं आणि हा सगळा हिशेब सांगितला. आईने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘पाच विजेतेपदं कुठायत तुझी?’ त्या माउलीला कोबीच्या विजेतेपदांचा आकडा कसा ठाऊक? चोरून बघते म्हणून!

आणि ती एकटी आहे का? कचऱ्याच्या डब्यात कागदाचा बोळा टाकताना डबा दोन पावलांवर असला तरी आपण चार पावलं मागे का जातो? फेकल्यावर हात तसाच हवेत, मनगट खाली मोडलेलं, कुणी शिकवलं हे? ओला टॉवेल दोरीवर लांबून भिरकावणारे, लसणाची सालं ओट्यावरून सुपात नेम धरून टाकणाऱ्या, दिवे बंद करून पहाटे आवाज न करता स्कोअर बघणारे, सगळे एका माळेचे मणी. बाहेर मात्र चेहरा असा की छे बाई, आमच्याकडे नाही हो हे असलं.

राहता राहिला पोटापाण्याचा प्रश्न, कारण बापांना शेवटी तोच पडतो. इथे यातून होणार काय? ऐका. वाराणसीचा विशेष भृगुवंशी, भारताचा कर्णधार राहिलेला, अस्सल शूटिंग गार्ड. २०१४ मध्ये वुहानमध्ये भारताने चीनला ६५-५८ असं पहिल्यांदा हरवलं, त्या संघातला. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अॅडलेड संघाने करारबद्ध केलेला पहिला भारतीय, २०२० चा अर्जुन पुरस्कार. आणि नोकरी? ओएनजीसी! नागपाड्याच्या अब्बास मुंतसिर यांना १९७० मध्येच अर्जुन मिळाला होता, पुढे तर ते सिनेमातही झळकले. पुण्याच्या शिरीन लिमयेने भारतीय महिला संघात जागा कमावली, २०१७ ला बंगळुरूत आशिया चषकाचा ‘ब’ गट जिंकणाऱ्या संघात ती होती. पण एनबीएच्या मैदानावर प्रत्यक्ष उतरलेला, भारतात जन्मलेला खेळाडू अजून एकही नाही. सतनाम सिंग भमराला २०१५ मध्ये डॅलसने निवडलं होतं, सामना मात्र मिळाला नाही. ‘म्हणजे सरकारी नोकरी लागते तर!’ एवढंच ऐकून एका बापाने दुसऱ्या दिवशी बोईसरला जाऊन चेंडू आणला. सात नंबरचा, मापाचा, पावती घेऊन.

तेव्हा येत्या रविवारी केळव्याला या, चार घटका बघा, मनसोक्त नावं ठेवा, आम्हीही तेच करतो. फक्त चेंडू आपला आपण आणा. इथे सगळेच दोन नंबर आहेत, पास कुणी देत नाही.