तिसरे शून्य

लास वेगासहून परतलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मग, किती जिंकलात?" प्रश्नच चुकला. जिंकायला जायचे ते ठिकाण नव्हे. बघायला मात्र जरूर जावे, कारण इतके काटेकोर हिशेबी शहर मी तरी दुसरे पाहिलेले नाही. तिथे जाऊन बेहिशेबी वागतो तो फक्त पाहुणा.

रूलेटचे चाक घ्या. अमेरिकी चाकावर 1 ते 36 आकडे, एक शून्य आणि एक दुहेरी शून्य, अशी 38 घरे असतात. समजा, प्रत्येक घरावर एकेक डॉलर लावला. गोळी कुठेही पडो, हातात 36 डॉलर येणार. दोन डॉलर कॅसिनोचे, म्हणजे शेकडा सव्वापाच. युरोपातल्या चाकावर शून्य एकच, तिथे हाच वाटा शेकडा 2.7. गेल्या काही वर्षांत वेगासच्या स्ट्रिपवर, म्हणजे कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावर, तिसरे शून्यही आले. 39 लावा, 36 घ्या, शेकडा 7.7 गेले. यात लपवाछपवी काही नाही. चाक समोर फिरते आहे, तिन्ही हिरवी घरे डोळ्यांना दिसताहेत. तरी त्या टेबलाभोवती गर्दी असते, कारण तिथे लावायची किमान रक्कम सहसा कमी ठेवलेली असते. स्वस्त म्हणून माणूस बसतो आणि सगळ्यात महाग चाकावर खेळून उठतो.

ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाची तीच गत. पूर्वी दहा डॉलर लावून ब्लॅकजॅक लागला की वर पंधरा मिळायचे. दोनाला तीन असा भाव होता. आता लहान रकमेच्या बहुतेक टेबलांवर पाचाला सहा, म्हणजे बाराच. तीन डॉलर कापले आणि टेबलाच्या कापडावर तसे स्पष्ट छापलेही. इथे माझा राग कॅसिनोपेक्षा न वाचणाऱ्यावर जास्त आहे. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन रुपयांची घासाघीस करणारी आपली माणसे तिथे दर ब्लॅकजॅकला डोळ्यांदेखत पैसे सोडतात.

यंत्रांबाबत मात्र राग पूर्णपणे दुसऱ्या बाजूला जातो. वेगास ज्यात येते त्या नेवाडा राज्यातल्या कॅसिनोंना जुगारातून जे मिळते त्यातला जवळपास दोन तृतीयांश वाटा स्लॉट मशिनांचा. विमानातून उतरून बाहेर पडण्याआधीच, हॅरी रीड विमानतळावर, ती लुकलुकत उभी असतात. गावात किराणा दुकानात असतात, पेट्रोल पंपावर असतात. पाहुणा दोन रात्रींत निघून जातो; तिथे राहणाऱ्याने कुठे जावे? नताशा डाऊ शूल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी या यंत्रांवर वर्षानुवर्षे अभ्यास करून 2012 साली 'अ‍ॅडिक्शन बाय डिझाइन' हे पुस्तक लिहिले. त्यांना भेटलेले सवयीचे खेळाडू जिंकण्यासाठी खेळतच नव्हते. त्यांना हवी होती ती तंद्री. जग, घर, वेळ सगळे विसरायला लावणारी. आणि खुर्चीपासून डावाच्या वेगापर्यंत यंत्राची सगळी रचना ती तंद्री न मोडण्यासाठीच केलेली. दूध-पाव आणायला निघालेल्या माणसाच्या वाटेत असे यंत्र उभे करणे हा माझ्या लेखी गुन्हा आहे, तिथला कायदा काहीही म्हणो.

आपल्याकडे गोव्यानेही हा धोका ओळखलेला आहे. मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर गोवेकरांना 1 फेब्रुवारी 2020 पासून बंदी आहे. म्हणजे जे गोंयकाराच्या संसाराला घातक, ते पुणेकराच्या, बेळगावकराच्या संसाराला चालते! हा कुठला न्याय? महाराष्ट्राने 1976 साली कॅसिनोचा कायदा केला, कधी अमलात आणला नाही आणि 2023 मध्ये तो रद्दच करण्याचे ठरवले. आपल्या सरकारांचे कौतुक करायची वेळ क्वचित येते, ती इथे आली.

मग वेगासला जायचे कशाला? 1931 या एका सालासाठी. त्या वर्षी नेवाडाने जुगार कायदेशीर केला आणि त्याच वर्षी जवळच कोलोरॅडो नदीवर हूवर धरणाचे काम सुरू झाले. शहर वाढले ते दोन्हींवर. आपल्या सहलींत कॅसिनोला अख्खी रात्र आणि धरणाला फोटोपुरता थांबा. हे उलटे करा.

कोलोरॅडोच्या खालच्या खोऱ्यातल्या तीन राज्यांत कॅलिफोर्नियाचा वाटा 44 लाख एकर-फूट, अ‍ॅरिझोनाचा 28 लाख, नेवाडाचा अवघा 3 लाख. एवढ्याशा पाण्यात ते शहर दरवर्षी चार कोटींच्या आसपास पाहुणे सांभाळते. कसे? खोलीतल्या नळाचे, शॉवरचे, संडासाचे पाणी गटारातून शुद्धीकरणाला जाते आणि जवळपास सगळे पुन्हा लेक मीडमध्ये, हूवर धरणामागच्या जलाशयात, सोडले जाते. जेवढे परत केले तेवढे वाट्याशिवाय आणखी उचलायचा हक्क मिळतो. बाहेर शिंपलेले पाणी मात्र उडून जाते, म्हणून घाव गवतावर. 2021 च्या कायद्याने रस्त्याकडेच्या, ऑफिसांपुढच्या शोभेच्या हिरवळीला कोलोरॅडोचे पाणी 1 जानेवारी 2027 पासून बंद. 2002 नंतर तिथली वस्ती सात लाखांहून जास्त वाढली, तरी नदीतून होणारा वापर घटला. 2022 च्या उन्हाळ्यात लेक मीड पहिल्यांदा भरल्यानंतरच्या नीचांकाला गेले होते. त्या वेळी हा हिशेब कामाला आला.

बेलाजिओ हॉटेलासमोरची कारंजी पाहून "काय ही नासाडी" म्हणणारे हमखास भेटतात. 1998 पासून नाचणाऱ्या त्या कारंज्यांना धरणाचे पाणी लागत नाही. जागेवरच्या जुन्या विहिरीचे पाणी आहे ते, आणि पूर्वी तिथल्या गोल्फ मैदानाला त्याहून जास्त लागायचे. 2016 साली लातूरला रेल्वेने पाणी पोचवावे लागलेल्या राज्यातल्या माणसाने वेगासमध्ये काही शिकायचे असेल तर ते पाणी मोजायला शिकावे. रूलेट आपोआप विसरेल.

दुसरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे तिथली माणसे. खोल्या साफ करणाऱ्या, ताटे उचलणाऱ्या, दारू ओतणाऱ्या कामगारांची कलिनरी युनियन सुमारे 60 हजार सभासदांची आहे. स्ट्रिपवरच्या फ्रंटियर हॉटेलात 1991 च्या सप्टेंबरात या युनियनचे साडेपाचशे कामगार संपावर गेले. संप सहा वर्षांहून जास्त चालला. एकही कामगार संप फोडून आत गेला नाही. 1998 मध्ये हॉटेल विकले गेले, नव्या मालकाने करार केला, कामगार परत आले. गिरणगावात 1982 चा संप ज्यांनी भोगला, त्या घरांतल्या लोकांना 'कामगार परत आले' या एका ओळीचे मोल वेगळे सांगायला नको. 2023 मध्येही शहराच्या रस्त्यांवरची पहिली फॉर्म्युला वन शर्यत तोंडावर असताना याच युनियनने संपाची तारीख जाहीर केली आणि मोठ्या कंपन्यांकडून करार मिळवला.

जाणाऱ्यांना थोडे रोखठोक. मे-जूनच्या सुट्टीचा हट्ट सोडा. 7 जुलै 2024 ला तिथे पारा 48.9 अंशांवर गेला होता. मार्च किंवा ऑक्टोबर गाठा. खोलीच्या भाड्यावर चढणारी रिसॉर्ट फी आधी विचारा. मे 2025 पासून जाहिरातीतच पूर्ण दर दाखवणे अमेरिकेत बंधनकारक झाले आहे, तेव्हा अर्धवट दर दिसला तर बुकिंग करू नका. स्ट्रिपवरच्या मोठ्या हॉटेलांची बरीचशी कमाई आता जुगाराबाहेरची आहे : खोल्या, जेवण, कार्यक्रम. म्हणजे तिथे नुसते बघायला आलेला पाहुणा कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. चांगला जादूचा किंवा कसरतींचा प्रयोग पाहा, पुढच्या रांगेचे तिकीट काढा. टेबलावर जाणाऱ्या पैशांत ते सहज बसते.

आणि एक कळकळीची विनंती. खोली साफ करणाऱ्या बाईसाठी रोज सकाळी निघताना उशाजवळ चार-पाच डॉलर ठेवा, शेवटच्या दिवशी एकदम नको, कारण रोज तीच बाई येईल असे नाही. त्या शहरात तुमच्या खिशातून गेलेल्या पैशांपैकी योग्य हातात पोचल्याची खात्री फक्त तेवढ्यांचीच.