कुंपणावरचा फर्स्ट क्लास

आमच्या कर्जतच्या दहिवलीत कुंपण हे अडवायला नसतंच, रेलायला असतं. माझ्या डाव्या हाताला माई, उजव्या हाताला नाना, मधे मी. त्या दोघांचं थेट बोलणं जरा कमीच. कारण एका फणसाचं आहे, ते पुन्हा कधीतरी. त्यामुळे माईंची बातमी नानांकडे आणि नानांचा शेरा माईंकडे जायचा तो माझ्या अंगणातूनच. रेल्वेच्या भाषेत मी जंक्शन.

मंगळवारी सकाळी मेंदी कातरत होते, तर माई पलीकडून मोबाइल हलवतच आल्या.

"अगं, ऐकलंस का? जावईबापू न्यूयॉर्कला जाऊन आले. फर्स्ट क्लासनं!"

"लोकलच्या?" माझ्या तोंडून निघून गेलं. तीस वर्षं कर्जत ते व्हीटी केलेल्या बाईला दुसरं काय सुचणार?

माईंची लेक तोक्योला असते, एडोगावात, निशिकासाईला. तिथं आपली इतकी माणसं आहेत की माई तिकडे गेल्या होत्या तेव्हा त्यांना भाजीच्या दुकानात मराठीच ऐकू आलं म्हणे. तर जावयाला कंपनीनं कधी नव्हे ते वरच्या वर्गाचं तिकीट दिलं. त्यातही गंमत अशी की जाताना एक कंपनी, येताना दुसरी. जाताना ऑल निप्पॉन, ती निळी. येताना जपान एअरलाइन्स, ती शेपटीवर लाल करकोचा असलेली. म्हणजे तुलना करायला आयतंच साधन झालं, आणि जावयानं ती तासभर व्हिडिओ कॉलवर करून दाखवली.

"निळीत अशा आठच खोल्या," माई बोटांवर मोजून सांगू लागल्या. "खोल्याच म्हणायच्या. खुर्चीभोवती भिंत, भिंतीला सरकतं दार. 2019 पासून आहेत म्हणे. आणि आतला टीव्ही 43 इंची! आपल्या हॉलमधला 32 चा आहे."

"आणि करकोचावाली?"

"तिच्या नव्या विमानात सहाच. एअरबसचं आहे ते, ए350 की काय, 2024 च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या मार्गावर आलं. त्यातली खुर्ची म्हणजे सोफा पण आणि पलंग पण. आणि सिनेमा बघायचा तर कानाला काही लावायलाच नको. डोकं टेकतो ना, तिथंच दोन्ही बाजूंना स्पीकर. शेजारच्याला ऐकू येत नाही."

मला एकदम आमच्या लोकलमधला मोबाइलवर कीर्तन लावणारा सहप्रवासी आठवला. त्याला हा सोफा भेट द्यायला हवा.

"मग दोघांत सरस कोण?"

माईंनी इकडेतिकडे पाहिलं. अंगणात आम्ही दोघी आणि नानांची मांजर. तरी आवाज उतरवून म्हणाल्या, "जागा करकोच्याची, जेवण निळीचं, असं त्याचं मत. पण त्याला खरं काय लागलं सांगू? हवाई सुंदरी त्याच्या खुर्चीपाशी गुडघे टेकून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन विचारायची, जेवण आता घेणार की झोपून उठल्यावर? अगं, आमच्या दारात मांडव पडला होता तेव्हासुद्धा त्याला कुणी असं विचारलं नव्हतं."

ही माहिती घेऊन मी उजव्या कुंपणाकडे वळले. नाना कढीपत्त्याला पाणी घालत होते. नाना रेल्वेतून निवृत्त, आणि उभी नोकरी बँकरवर. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, बँकर म्हणजे पैशाचा नव्हे. बोरघाटात 37 फुटांना 1 फूट असा चढ आहे. एवढ्या चढावर गाडी एका इंजिनाला ओढवत नाही, म्हणून कर्जतला गाडीच्या पाठीमागे आणखी इंजिनं लावायची आणि ती लोणावळ्यापर्यंत ढकलत न्यायची. त्या ढकलणाऱ्या इंजिनांना बँकर म्हणतात. नानांनी पस्तीस वर्षं अख्खा महाराष्ट्र पाठीमागून ढकलला, असं ते स्वतःच सांगतात.

मी सगळं सांगितलं. त्यांनी झारी खाली ठेवली.

"दाराची खोली? गुडघे टेकून? ताई, त्या जावयाला सांगा, हे खोपोलीत 1856 साली होतं."

"खोपोलीत?"

"मग! तेव्हा आगगाडी खोपोलीपर्यंतच यायची. 1858 ला तिकडून खंडाळा ते पुणे रूळ पडले. पण मधला घाट मोकळा. घाटातला लोहमार्ग सुरू व्हायला 1863 उजाडलं. मधल्या वर्षांत मुंबईहून आलेला उतारू खोपोलीत उतरायचा आणि घाट चढायचा पालखीतून, नाहीतर तट्टावरून, नाहीतर बैलगाडीतून. आता पालखी म्हणजे काय? पडदे ओढले की एका माणसाची बंद खोली, आत आडवं पडायची सोय आणि बाहेर चार माणसं सेवेला. त्या करकोच्याच्या विमानात चार माणसं एकाला उचलून धरतात का?"

हे मी माईंना जसंच्या तसं पोचवलं. माई क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "पालखीत टीव्ही होता का, विचार." मी विचारलं नाही. जंक्शनला कुठली गाडी आत घ्यायची आणि कुठली बाहेर उभी करायची हे ठरवावं लागतं.

पण नाना आता थांबणारे नव्हते. दुपारी पुन्हा कुंपणावर आले ते दख्खनच्या राणीला घेऊनच. घाटात 1929 च्या शेवटी वीज आली आणि पुढच्या 1 जूनला, म्हणजे 1930 मध्ये, डेक्कन क्वीन धावू लागली. सुरुवातीला कल्याण ते पुणे. सात सात डब्यांचे दोन संच, एक रुपेरी आणि त्यावर लाल रेघा, दुसरा गडद निळा आणि त्यावर सोनेरी. आत वर्ग दोनच, पहिला आणि दुसरा. तिसरा नाहीच.

"म्हणजे साध्या माणसानं?"

"साध्या माणसानं फलाटावरून बघायची," नाना म्हणाले. "माझे वडील बघायचे. 1949 च्या 1 जानेवारीला तिचा पहिला वर्ग काढला. मग दुसऱ्याचीच डागडुजी करून त्याला पहिला म्हणायला लागले. आणि 1955 च्या जूनमध्ये तिसरा वर्ग लागला, तेव्हा वडील पहिल्यांदा आत बसले. पंचवीस वर्षं त्या गाडीला खिडकीतून वडे दिले, आत पाऊल नाही!"

इथं नानांचा आवाज जरा बसला. मीही कात्री बाजूला ठेवली. कर्जतचा वडा प्रसिद्ध झाला तो बँकरमुळे, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. मागे इंजिन जोडेपर्यंत गाडी उभी, तेवढ्या वेळात वडा कढईतून कागदात, कागदातून खिडकीत. दिवाडकरांचा वडा मुंबई-पुण्याच्या घराघरांत माहीत झाला तो त्या चार-पाच मिनिटांच्या जिवावर. वडा सगळ्या वर्गांना सारखाच. हिरवी मिरची, सुकी चटणी, आणि सुटे पैसे नसतील तर गाडीबरोबर धावणारा पोरगा.

राणीचा डायनिंग कार हा नानांचा हळवा कोपरा. रुळांवर धावणाऱ्या रोजच्या गाडीत टेबल-खुर्ची मांडून खाणं हे आपल्या देशात तिच्यापाशीच राहिलं. पूर्वी 32 जणांची जागा होती, 2022 च्या जूनमध्ये नवे एलएचबी डबे आले तेव्हा ती 40 ची झाली. आमलेट-पाव, कटलेट, चीज टोस्ट, बेक्ड बीन्स. मी स्वतः एकदा तिथं चीज टोस्ट खाल्लंय, बाहेर धबधबे आणि समोर अनोळखी गृहस्थ, ज्यांनी मला टोमॅटो सॉस सरकवताना "घ्या" एवढंच म्हटलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. गुडघे कुणी टेकले नाहीत. पण दर 1 जूनला प्रवासीच पदरमोड करून ज्या गाडीचा वाढदिवस करतात, केक कापतात, अशी गाडी मला दुसरी माहीत नाही. त्या निळ्या विमानाचा वाढदिवस जावई करणार आहे का?

"मग तिला तोडीस तोड कोण?" मी नानांना डिवचलं. "स्पर्धा आहेच कुठे? प्रगती, इंद्रायणी, सिंहगड, डेक्कन एक्सप्रेस, सगळ्या एकाच घरच्या सुना. एकीनं साडी नेसली म्हणून दुसरी शालू मागत नाही."

हे मला जावईबापूंच्याच सांगण्यावरून सुचलं. जपानात 1986 पर्यंत परदेशी नेमाची उड्डाणं जपान एअरलाइन्सचीच. त्या साली ऑल निप्पॉनला बाहेर उडायची मुभा मिळाली आणि मग खरी सवत आली. करकोचावाली कंपनी 2010 च्या जानेवारीत दिवाळखोरीतसुद्धा गेली होती, पुन्हा उभी राहिली. आता एकीनं दार लावलं की दुसरी त्याहून मोठं दार लावते. त्या दाराआड जाऊन बसणारा आमचा जावई फुकटचा लाभार्थी.

आपल्याकडे रेल्वेला सवत मिळाली ती एसटीची. द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पुरा झाला, खालापूरला टोलनाका आला, फूड मॉल आला आणि शिवनेरी पळू लागली. पुढे विजेवरची ई-शिवनेरी आली. 2024 च्या ऑक्टोबरात तर एसटीनं तिच्यात हवाई सुंदरीच्या धर्तीवर "शिवनेरी सुंदरी" नेमायचं जाहीर केलं. जाहीर करणारे तेव्हाचे अध्यक्ष भरत गोगावले, म्हणजे आपल्याच रायगडातले, महाडचे. माईंना ती बातमी भारी आवडली होती. नानांना अजिबात नाही. मला म्हणाल तर, सुंदरी नसली तरी चालेल, खुर्चीची दांडी धड असावी. एका खासगी बसमध्ये मी ऐटीत खुर्ची मागे केली ती थेट मागच्या आजोबांच्या मांडीवर. खालापूरचा नाका येईपर्यंत मी त्यांच्या मांडीवर आडवी, आणि ते बिचारे वर "असू दे, असू दे". पलंगासारखी उघडणारी खुर्ची मला न मागता मिळाली होती, फक्त खाली आजोबा होते.

राणीला काचेच्या छपराचा व्हिस्टाडोम डबा 2021 च्या 15 ऑगस्टला लागला. त्याआधी जूनमध्ये डेक्कन एक्सप्रेसला लागला होता. 44 खुर्च्या, फिरवता येणाऱ्या. पावसाळ्यात डेक्कन एक्सप्रेसनं सकाळचं चढावं, डोक्यावर धबधबा, त्याला तोड नाही. पण राणी मुंबईहून सुटते संध्याकाळी पाचनंतर. थंडीत ती कर्जत सोडते तेव्हा काळोख झालेला असतो. वर बघावं तर आपलंच तोंड, नाहीतर बोगद्याचं छत. नाना म्हणाले, "त्यापेक्षा माझ्या बँकरची केबिन. सगळं उघडं. वारा फुकट."

आता माझ्या फर्स्ट क्लासविषयी. त्यावर ना माईंनी विचारलं, ना नानांनी. लोकलचा बायकांचा पहिला वर्ग म्हणजे मोजक्या सीटांची एक कोठडी. दुसऱ्या वर्गापेक्षा पास कितीतरी महाग आणि त्या पैशांत मिळायचं काय, तर बुडाखाली गादी. गाडी कर्जतहूनच सुटायची म्हणून खिडकी माझी, एवढं खरं. बदलापुरापर्यंत मी राणी, डोंबिवलीला प्रजा. समोरची कर्जतचीच बाई पिशवीतून गवार काढायची, मी निम्मी घ्यायची, ठाण्यापर्यंत दोन घरांची भाजी निवडून तयार. दसऱ्याला दाराला झेंडूचं तोरण, संक्रांतीला हळदीकुंकू, आणि कुणाचं पोट दिसायला लागलं की न सांगता तिला खिडकी. ती जागा मात्र विचारूनच द्यायचो आम्ही, "आता बसतेस की कुर्ल्याला?" गुडघे टेकायला जागाच नव्हती.

संध्याकाळी हे मी माईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुझा डबा पहिला?"

मी म्हटलं, नाही हो. झोपायला करकोचा, खायला राणी, आणि बोलायला आमची कोठडी. हा माझा निकाल, आणि नानांनाही तो बऱ्यापैकी पटला. पालखीचा उल्लेख नाही म्हणून ते थोडे नाराज आहेत.

दुसऱ्या दिवशी माईंचा निरोप आला, अर्थात माझ्यामार्फतच. लेक-जावई दिवाळीला येणार आहेत, एक दिवस पुण्याला जायचंय. जपानी विमानाची सवय झालेल्या माणसाला बरी वाटेल अशी गाडी कुठली, नानांना विचार. फणसानंतर इतक्या महिन्यांनी माईंनी नानांचं नाव घेतलं, म्हणून मी लगबगीनं गेले.

नानांनी विचार करून सांगितलं, "सोलापूरची वंदे भारत. 2023 च्या 10 फेब्रुवारीला सुरू झाली. वरच्या वर्गातल्या खुर्च्या फिरवता येतात, खाणं जागेवर येतं. आवडेल त्याला."

"कर्जतला किती वाजता येते?"

"येते. जाते. थांबत नाही." नाना कढीपत्त्याकडे वळले. "तिची ताकद डब्यांखालीच वाटलेली. घाट चढायला तिला बँकर लागत नाही, मग इथं उभी राहील कशाला? दादर, कल्याण, त्यानंतर पुणं. जावयाला म्हणावं, आधी लोकल पकडून उलटं कल्याणला जा."