अठ्ठावीस पॉइंट दोन

साहेब मला पहिल्यांदा दिसले ते कालव्याच्या काठावर गुडघे टेकून बसलेले. समोर छत्री होती. पावसाची नव्हे, आपल्याकडे डिशवाला गच्चीवर बसवून जातो ती. ती सिमेंट भरलेल्या बादलीत रोवलेली होती, आणि साहेब तिच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं प्रार्थना चालली आहे. तशी ती चाललीच होती, हे नंतर कळलं.

मुलगी फ्रान्समध्ये तुलूझला विमानांच्या कंपनीत आहे. आम्ही दोघं तिच्याकडे नव्वद दिवसांच्या व्हिसावर गेलो होतो. मुलगी आठला कामावर जाणार, सौ. मोबाइलवर मराठी मालिका लावणार, आणि घरात माझी अडचण होणार. म्हणून मी रोज कालव्याकाठी चालायला जाई. कनाल द्यु मिदी म्हणतात त्याला. १६८१ साली खुला झालेला, तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे जाणारा, २४० किलोमीटर लांबीचा. दोन्ही काठांना चिनाराच्या भाऊबंदांपैकी उंचच उंच झाडं, खाली गार सावली, आणि मागून घंटी वाजवत येणारे सायकलवाले. शहर मागे पडून रामोनव्हिल आलं की काठाला बोटी बांधलेल्या दिसतात. पर्यटकांच्या नाहीत, राहत्या. छपरावर कुंड्या, दोरीवर कपडे, दारात मांजर. गोव्यात मांडवीतून खनिज वाहून नेणारी बार्ज असते ना, तिच्या चुलतबहिणी. त्यातल्या एखादीच्या मागे लाल निशाण आणि त्याच्या कोपऱ्यात युनियन जॅक दिसला की समजावं, इथे छत्री असणार.

ही एक जातच आहे. इंग्लंडात चाळीस वर्षं नोकरी करायची, निवृत्त झाल्यावर घर विकायचं, हॉलंडमधली जुनी मालवाहू बोट घ्यायची, तिच्या पोटात स्वयंपाकघर आणि न्हाणी बसवायची आणि फ्रान्सच्या कालव्यांत येऊन राहायचं. का आलात विचारलं तर उत्तर एकच: तिकडची हवा, तिकडचा पाऊस, तिकडचं राजकारण, नको झालं होतं. आणि इथे आल्यावर पहिलं काम काय, तर तिकडची हवा, तिकडचा पाऊस आणि तिकडचं राजकारण बोटीत आणून बसवण्याचं. त्यासाठी आकाशात सुमारे ३६,००० किलोमीटरवर हात घालावा लागला तरी बेहत्तर.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्हाला यातलं काही कळतं?"

आता मी टेलिफोन खात्यात जन्म घालवलेला माणूस. शिवाय १९८७ साली दर रविवारी सकाळी 'रामायण' सुरू व्हायच्या आधी गच्चीवर उभं राहून मी अँटेना फिरवलेली. खाली सौ., मधल्या जिन्यात शेजारच्यांचा मुलगा, आणि वर मी. "आलं का?" "आलं!" "आता?" "गेलं!" हा संवाद ज्याच्या कानात मुरला आहे, त्याने नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं, कळतं. इथेच फसलो.

कारण साहेबांची विद्या फार पुढची निघाली. बीबीसी ज्या उपग्रहांवरून येते ते अॅस्ट्राचे उपग्रह विषुववृत्तावर २८.२ अंश पूर्वेला उभे आहेत. साहेब हा आकडा गोत्र सांगावं तसा सांगत. तुलूझहून त्यांच्याकडे बघायचं तर आग्नेयेला, दिशा १४४ अंश, उंची ३३ अंश. छत्रीच्या तोंडाशी सिग्नल पकडणारा जो एलएनबी असतो तोही किंचित तिरका करावा लागतो, मान कलती करून ऐकणाऱ्या बहिऱ्या माणसासारखा. यात अंशभर चूक झाली की चित्र गेलं. लंडनमध्ये म्हणे परातीएवढी छत्री पुरते. इथे मोठी लागते, आणि छत्री जेवढी मोठी तेवढी तिची नजर बारीक. मोठ्या माणसांचं असतंच तसं. एकदा बिनसलं की अंशभरही सरकत नाहीत.

हे सगळं घराच्या भिंतीवर एकदा करून टाकता येतं. बोटीवर ते रोज करावं लागतं, कारण बोट हलते. साहेबांनी पहिल्या वर्षी छत्री छपरावर लावली होती. शेजारून दुसरी बोट गेली की लाट यायची, बोट डुलायची आणि नेमकं बातम्या देणाऱ्या बाईंचं तोंड उघडं राहून पडदा गोठायचा. म्हणून आता छत्री काठावर, बादलीत. तिथे लाटांचा त्रास नाही. तिथे कुत्री येतात.

मोठमोठ्या यॉटवर पांढरे घुमट असतात, आत छत्री आपोआप फिरत राहते, बोट कशीही डुलो. साहेब त्या लोकांविषयी फारसं चांगलं बोलत नसत. "त्यातले काही घुमट रिकामे असतात," त्यांनी मला हळूच सांगितलं. "दोन बाजूंना दोन असले की शोभा दिसते म्हणून एक पोकळ बसवतात." पोकळ घुमट लावणाऱ्यांबद्दल त्यांच्या आवाजात जो तिरस्कार होता, तो आमच्याकडे विकतचं पुरण घालून पोळ्या लाटणाऱ्या बाईबद्दल असतो.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. साहेब बाहेर छत्रीपाशी, मी आत टीव्हीसमोर. पहिला धडा मिळाला होकायंत्राचा. मी सहज म्हटलं, इथे डेकवरच दिशा बघू या की. साहेबांनी अशा नजरेने पाहिलं की मी गप्प. बोट लोखंडी, तिच्यावर होकायंत्राची सुई वाट्टेल ती दिशा दाखवते. मग आम्ही दोघे काठावर वीस पावलं दूर जाऊन, लग्नाचा मुहूर्त बघावा तसे होकायंत्र हातात घेऊन उभे राहिलो. आणि साहेब आकाशात जिथे बोट दाखवत होते तिकडे छत्रीचं तोंडच नव्हतं मुळी. ती समोरच्या कुंपणाकडे बघत होती. "ती बघते कुंपणाकडे, ऐकते आकाशातलं," साहेब म्हणाले. तिची घडणच तशी असते. मला आमच्या एका मामेसासऱ्यांची आठवण झाली.

दुसरा धडा सबुरीचा. आमच्या अँटेनाच्या काळात मुंग्या तरी दिसायच्या. मुंग्या कमी झाल्या की हात योग्य दिशेला चाललाय हे कळायचं, मुंग्यांत राम ओळखू आला तरी नमस्कार घडायचा. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. एकतर स्वच्छ चित्र, नाहीतर निळा पडदा आणि 'नो सिग्नल'. शिवाय खोक्याला सिग्नल ओळखायला काही सेकंद लागतात. छत्री बोटभर फिरवायची, पाच आकडे मोजायचे, पुन्हा बोटभर. घाई केली की उपग्रह ओलांडून पुढे जातो. आम्ही पहिल्या आठवड्यात तसे बरेच पुढे गेलो. १९.२ अंशांवर सगळे जर्मन भेटले. एक आचारी बटाट्यांविषयी फार पोटतिडकीने बोलत होता. एकदा अरबी बातम्या लागल्या, म्हणजे आम्ही २६ अंशांवर, अगदी घराच्या शेजारच्या गल्लीत होतो. सिग्नल मोजणारा मीटर मात्र प्रत्येक वेळी आनंदाने ओरडायचा. त्याला काय, कुठलाही उपग्रह मिळाला की तो पीं पीं करतो.

साहेबांच्या पिढीचा एक इतिहास आहे आणि तो ते पानिपताच्या स्वरात सांगतात. पूर्वी म्हणे सुख होतं. अॅस्ट्रा २डी नावाचा उपग्रह होता, आणि २००३ पासून बीबीसी त्याच्यावरून कार्डाशिवाय, खुली येत होती. थेट दक्षिण स्पेनच्या किनाऱ्यापर्यंत इंग्रज म्हातारे अंगणात भल्यामोठ्या छत्र्या लावून 'ईस्टएंडर्स' ही मालिका बघायचे. मग फेब्रुवारी २०१४ आला. वाहिन्या नव्या २ई उपग्रहावर गेल्या. त्याचा झोत ब्रिटिश बेटांभोवती आखडलेला. कार्यक्रमांचे हक्क तेवढ्यापुरतेच घेतलेले असतात ना. स्पेनमध्ये कित्येक छत्र्या एका रात्रीत आंधळ्या झाल्या. "माझा एक मित्र," साहेब सांगत आणि थांबत, "त्या छत्रीत आता टोमॅटो लावतो."

मी विचारलं, "पण बीबीसीची फी तर आता तुम्ही भरत नसाल?"

"नाही. भरत होतो तेव्हा बघत नव्हतो."

झाडांची गोष्ट थोडी नाजूक आहे. या कालव्याकाठी अशी सुमारे ४२,००० झाडं होती. २००६ साली त्यांच्यावर एक बुरशीचा रोग आढळला, त्याला औषध नाही, आणि तेव्हापासून झाडं तोडून जाळत आहेत. साहेब या विषयावर बोलताना टोपी काढतात. दीड-दोन शतकांची सावली गेली म्हणून त्यांना खरंच वाईट वाटतं. आणि मग एकदा बोलता बोलता ते कार्कासोनकडच्या एका उघड्या, तोडलेल्या पट्ट्याचं वर्णन करू लागले, तिथला काठ किती भकास, ऊन कसं भाजतं, कुठे बघवत नाही... "आणि सिग्नल?" मी विचारलं. साहेबांनी टोपी परत डोक्यावर घातली. "अप्रतिम," ते म्हणाले.

मॅडमबद्दल अजून सांगितलंच नाही. त्या बोटीच्या मागच्या केबिनमध्ये विणत बसलेल्या असत. साहेबांना त्यांचं भारी कौतुक. "हिचं नाक फार तिखट आहे," ते सांगत. "आज रात्रीच्या भागात कोण कोणाला सोडून जाणार, कोण तुरुंगात जाणार, ही सकाळी चहाच्या वेळी सांगते. एकदाही चुकत नाही. १९८५ पासून 'ईस्टएंडर्स' बघते आहे. लेखकांची मनं वाचते." मी मान डोलावली. आमच्याकडेही अशी नाकं आहेत.

रविवारी मी सौ.ला घेऊन गेलो. दोघी मागच्या केबिनमध्ये गेल्या त्या दीड तास बाहेर आल्या नाहीत. भाषेची अडचण आली का म्हणून मी काळजीत. घरी परतताना सौ. म्हणाली, "अहो, तुम्ही बोलू नका हं त्यांना."

"काय?"

"त्या बाई टॅबलेटवर बघतात. त्यांच्या मुलाने काहीतरी करून दिलंय, इंटरनेटला वाटतं त्या अजून इंग्लंडातच आहेत. भाग सकाळीच येतो. चहाच्या आधी बघून मोकळ्या."

"मग ते छत्री कशाला फिरवतात?"

सौ.ने माझ्याकडे पाहिलं. आमच्या गच्चीवर ती अँटेना अजून आहे. टीव्हीला तिची गरज संपून पंचवीस वर्षं झाली, तरी मी दर दिवाळीला तिचे नट आवळतो. सौ. काही बोलली नाही.

त्या संध्याकाळपासून साहेबांकडे बघण्याची माझी दृष्टी बदलली असं मी म्हणणार होतो, पण बदलली नाही. उलट, त्यांचा दिवस किती भरलेला आहे ते दिसू लागलं. सकाळी दव पुसायचं. दहाला सायकलवाल्यांचा लोंढा. बादलीला धक्का लागला तर पुन्हा पहिल्यापासून. दुपारी वरच्या फांदीशी वाटाघाटी. संध्याकाळी चित्र लागलंच तर पाच मिनिटं हवामान बघायचं. त्यांच्या जुन्या गावावर ढगाचं चिन्ह, खाली तिरपे थेंब. साहेब समाधानाने म्हणत, "पाऊस!" आणि खुर्चीत डुलक्या घेऊ लागत. ज्या पावसाला कंटाळून आले तो तिथेच आहे, आपल्यावाचून व्यवस्थित पडतो आहे, एवढी खात्री त्यांना रोज हवी असे.

एकदा व्हिसाचा विषय निघाला. ब्रेक्झिटपासून इंग्रजांनाही इथे १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं, जास्त हवं तर वेगळा परवाना. साहेबांनी तो घेतला होता, कागदांची चळत दाखवली. मी म्हटलं, मलाही नव्वदच. दीडशे वर्षं ज्यांनी आमच्यावर राज्य केलं त्यांच्याबरोबर एका रांगेत उभं राहिल्याचा मला जो आनंद झाला तो मी लपवला. त्यांनीही बिस्किटं पुढे केली.

आमच्या परतीच्या आदल्या दिवशी साहेबांनी मुद्दाम बोलावलं. दुपारी एक मोठी बोट गेली होती, पोरं काठावर उतरली होती, आणि छत्री आडवी. साडेआठला मालिका. आम्ही सातपासून लागलो. साहेब बाहेर गुडघ्यांवर, मी आत पडद्यासमोर, मॅडम मागच्या केबिनमध्ये. जर्मन येऊन गेले. अरबी येऊन गेले. साडेआठ वाजत आले, पडदा निळाच.

इतक्यात मागच्या केबिनमधून मालिकेचं ते धडाधड ढोल वाजणारं संगीत ऐकू आलं. पहिले दोन-तीन ठोके आणि लगेच बंद. मॅडमचा हात आवाजाच्या बटणाकडे चुकला असणार.

"आला!" बाहेरून साहेब ओरडले. "आवाज आला! ऐकलंत?"

मी निळ्या पडद्याकडे पाहिलं. केबिनच्या दारात मॅडम उभ्या होत्या, टॅबलेट छातीशी धरून.

"आता गेला! आला होता ना?"

"आला होता," मी म्हटलं. "थोडं डावीकडे घ्या."