घेण्यास नकार

आमच्या घराण्यात खरे सॉफ्टवेअर इंजिनियर चार. दोन न्यू जर्सीत, एक सिंगापुरात आणि एक बंगळूरला, पण कायम मीटिंगमध्ये. मी पुण्यात असते, शाळेत भूगोल शिकवते आणि कधीकाळी सक्ती होती म्हणून एमएस-सीआयटी पास झाले आहे. तेवढ्या प्रमाणपत्रावर साठीपुढच्या सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलांचा कारभार माझ्याकडे आला. हा कोर्स महाराष्ट्रात २००१ साली सुरू झाला. त्यात फाइल सेव्ह कशी करावी हे शिकवलं होतं. सांगलीच्या काकांच्या बँकेचं अ‍ॅप पैसे पाठवताना नेमकं मध्येच का गपगार होतं, हे नव्हतं.

काका पोस्टातून निवृत्त झाले. हे सांगायला हवं, कारण आमच्या बहुतेक वादांचं मूळ तिथे आहे. पोस्टात पत्र पोचलं नाही तर ते परत येतं आणि येताना पाकिटावर कारण घेऊन येतं. पत्ता अपुरा. घर बंद. मालक गाव सोडून गेला. घेण्यास नकार. खाली तारीख आणि सही. काकांनी उभी नोकरी अशी कारणं लिहिण्यात आणि दुसऱ्यांनी लिहिलेली तपासण्यात घालवली. आणि आता त्यांच्या हातात असं अ‍ॅप आहे, जे म्हणतं, ‘काहीतरी चुकलं आहे. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.’

“काय चुकलंय?” काका विचारतात.

“ते सांगत नाही, काका.”

“बरं, कोणाचं चुकलंय? माझं की त्यांचं?”

“तेही सांगत नाही.”

“थोडा वेळ म्हणजे किती?”

“सर्व्हर डाउन असेल,” मी म्हणते.

रेशन दुकान असो, सातबारा असो, शाळेचा निकाल असो, या दोन शब्दांनी भलीभली रांग पांगते. सर्व्हर कुठे असतो ते रांगेतल्या कोणीही पाहिलेलं नसतं, पण तो पडला म्हटलं की माणसं मुकाट पिशव्या उचलून घरी जातात. काका जात नाहीत. “कुठला सर्व्हर? त्याच्यावर वरिष्ठ कोण? त्यांना कळवलंय का? लेखी?”

पंचाईत अशी की मला काकांचं म्हणणं पटतं. काय बिघडलं ते अ‍ॅपवाल्यांकडच्या नोंदीत बहुतेक वेळा आकड्यासकट पडलेलं असतं. फक्त ते गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं. मग कंपनीने द्यायचं कारण घरातल्या कोणीतरी तयार करून द्यावं लागतं, आणि ते काम बिनपगारी आहे. मी आजवर नेट स्लो आहे, महिनाअखेर आहे, आज दुसरा शनिवार आहे, तिकडे फार पाऊस आहे अशी कारणं पुरवली आहेत. एकदा ग्रहण दिलं. ते काकूने ताबडतोब मंजूर केलं आणि सुटेपर्यंत कोणाला फोनला हात लावू दिला नाही. सुटल्यावर अ‍ॅप चालू झालं, त्यामुळे आता तिच्यापुढे माझं काही चालत नाही.

पासवर्डचं प्रकरण वेगळं. बँकेला दर काही महिन्यांनी नवा कोरा पासवर्ड लागतो. त्यात एक मोठं अक्षर, एक लहान, एक आकडा, एक चिन्ह, आणि वर तो आधीच्या पासवर्डांच्या भावकीतला नको. या छळाचं बरंचसं श्रेय एका माणसाकडे जातं. अमेरिकेत मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेतल्या बिल बर यांनी २००३ साली पासवर्ड कसे असावेत यावर एक टिपण लिहिलं आणि जगभरच्या कचेऱ्यांनी ते शिरोधार्य मानलं. २०१७ साली, निवृत्तीनंतर, वयाच्या ७२व्या वर्षी त्यांनीच एका वर्तमानपत्राला सांगितलं, की त्यातल्या पुष्कळशा गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. संस्थेनेही त्याच वर्षी, उगाच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, असं नवं मार्गदर्शन काढलं. आमच्या काकांच्या बँकेपर्यंत ते अजून पोचलेलं नाही. हे सगळं मी काकांना सांगितलं.

“म्हणजे पेन्शन सुरू झाल्यावर त्यालाही आठवेनासे झाले,” काका म्हणाले.

काकांचे पासवर्ड कालनिर्णयवर असतात. त्या चौकोनांत दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, रक्तदाबाचे आकडे आणि बँकेचा पासवर्ड एकमेकांच्या शेजारी सुखाने नांदतात. फोनवर तो वाचून घेणं हे स्वतंत्र कौशल्य आहे.

“कॅपिटल एस. मग ए. मग गोल ए.”

“गोल ए म्हणजे अ‍ॅट?”

“ज्याच्या पोटात ए असतो तो. मग एकशे तीस, तिरकी रेघ, ऐंशी.”

“तो तुमचा बीपी आहे, काका.”

“असेल. पासवर्ड बदलला त्याच दिवशी मोजलेला दिसतोय.”

यंदा जानेवारीत अ‍ॅपने काकांना बाहेर काढलं आणि पासवर्ड मागितला. भिंतीवर नवं कालनिर्णय लागलं होतं. जुन्याची पानं काकूने सोडवून फडताळात अंथरली होती. पासवर्ड होता सप्टेंबरच्या पानावर आणि सप्टेंबर होता तिखटाच्या डब्याखाली. डबा उचलला गेला, कागद झटकला गेला, आणि एकेका अक्षरामागे एकेक शिंक देत काकांनी पासवर्ड वाचून दाखवला. सायबर सुरक्षेवरची दोनचार व्याख्यानं मी ऐकली आहेत. याहून भक्कम जागा कोणीही सुचवलेली नाही.

नाशिकच्या आत्याचं दुखणं उलटं. तिला मी स्वतः पढवलं आहे. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्यायचा. ओटीपी कोणाला सांगायचा नाही, स्क्रीन कोणाला दाखवायची नाही. लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल आली तर उघडायची नाही, लग्न कितीही जवळच्या घरातलं असो. पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घ्यायला कोणी पिन टाकायला सांगितलं तर तो चोर. आणि फसलीसच तर १९३० ला फोन. आत्याने हे वहीत सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि पहिला प्रयोग माझ्यावर केला. वीजबिल भरताना पैसे अडकले म्हणून फोन तिनेच केला होता.

“आत्या, मी लिंक पाठवते. ती दाब, म्हणजे मला तुझी स्क्रीन दिसेल.”

“नाही दाबणार.”

“अगं, मी आहे!”

“आवाज काय, आता कोणाचाही काढतात. पेपरात आलं होतं. तू तूच असशील तर सांग, तुझ्या बारशाला पाळणा कोणी म्हटला?”

“मी बारा दिवसांची होते, आत्या.”

“बघ. चोरसुद्धा हेच म्हणेल.”

मग डोंबिवलीच्या मावशीला फोनवर घेतलं. मावशीने माझी हमी दिली. आत्याने मावशीची हमी मागितली. दोघींची मग बारशाच्या पाळण्यावरून जुंपली, कारण तो आपणच म्हटला असं दोघींचंही म्हणणं होतं. तोवर ओटीपीची मुदत संपली.

ओटीपी आणि आत्या यांचं मूळचंच पटत नाही. मेसेज बघायला ती बँकेच्या अ‍ॅपमधून बाहेर पडते, परत येते तो अ‍ॅप पुन्हा पहिल्या पानावर, नाव काय, पासवर्ड काय. मेमरी कमी असलेल्या फोनात असं होतं, पुढचं चालवायला फोन मागचं बंद करतो. नवा फोन घेऊ या म्हटलं तर आत्या म्हणते, हा चांगला चालतोय की. शेवटी तिनेच तोड काढली. मेसेज वर झळकतो ना, तेवढ्यात ती सहाही आकडे पाठ करते आणि परवचा म्हटल्यासारखे घडाघडा म्हणत टाकते. पावकी-निमकीवर वाढलेली पिढी आहे, तिला सहा आकड्यांचं काय! अडचण एकच. मागच्या महिन्यातले ओटीपीही तिला अजून पाठ आहेत आणि कधीकधी त्यांतलाच एखादा पडतो.

नोव्हेंबर मात्र काकांचा. पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याचा हा महिना. डिजिटल दाखल्याची सोय २०१४ साली आली. तेव्हा बोटाचा ठसा लागे. वयानुसार बोटांवरच्या रेषा झिजतात, त्यामुळे धडधडीत जिवंत माणसाचं बोट यंत्र ओळखेना, असं पुष्कळांचं झालं. २०२१ पासून चेहरा दाखवूनही भागतं. फोन तोंडासमोर धरायचा आणि डोळ्यांची उघडझाप करायची. पापणी हलली की समोर फोटो नसून माणूस आहे अशी खात्री पटते.

यंदा त्यासाठी सांगलीला गेले. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पाठ ताठ केली आणि पोस्टाच्या ओळखपत्रावर आहे तशी मुद्रा धारण केली. डोळे विस्फारलेले, श्वास रोखलेला.

“पापणी हलवा, काका.”

“फोटोत पापणी हलवायची नसते,” ओठ न हलवता काका म्हणाले.

डोळे मिटा म्हटलं, तर मिटले ते मिटलेच. ताठ मानेने शांत बसून राहिले. काकूला ते बघवेना. “अहो, उघडा आता. बरं नाही दिसत.” उघडले ते पुन्हा विस्फारून. असं बराच वेळ चाललं. शेवटी काकू उठली, फडताळातून तिखटाचा डबा घेऊन आली आणि तिने काकांच्या नाकाखाली झाकण उघडलं. पापण्या अशा फडफडल्या, की सरकारला तिळमात्र शंका राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी काका दाखल्याची प्रिंट घेऊन बँकेत गेले. मॅनेजर म्हणाले, दाखला ऑनलाइन आलाय, कागद लागत नाही. काकांनी कागदाची पोच मागितली. कागदच घेत नाही तर पोच कसली, मॅनेजर म्हणाले. मग कागद घेण्यास नकार दिला असं लिहून द्या, काका म्हणाले, कारण, तारीख आणि सहीसकट. मॅनेजरांनी कागद घेतला, शिक्का मारला, पोच दिली आणि चहा मागवला.

“फार भला माणूस,” काका संध्याकाळी फोनवर सांगत होते. “त्याच्या स्वतःच्या वडिलांचा दाखला अडकलाय. त्यांचीही पापणी हलत नाही. मी तुझा नंबर दिलाय. उद्या सकाळी करतील फोन. आणि हे बघ, त्यांना तिखटाची अ‍ॅलर्जी आहे, तेव्हा तू दुसरं काहीतरी शोधून ठेव.”