'उत्तुंग' कसा वापरावा

साहित्य: एक शाल, एक श्रीफळ आणि सत्काराला होकार दिलेला कोणीही.

'उत्तुंग' म्हणजे उंच, हा गैरसमज आधी काढून टाका. उंच म्हणजे नुसता 'तुंग'. पवना धरणाच्या काठी त्या नावाचा किल्लाच उभा आहे. त्याला आधी 'उत्' लागला की उंचीवर आणखी मजला चढतो. माणूस सहा फूट उंच असतो, 'सहा फूट उत्तुंग' कोणी म्हणत नाही. जिथे टेप लावता येतो तिथे 'उंच', जिथे टेप काढला तर सगळ्यांचीच पंचाईत होईल तिथे 'उत्तुंग'. म्हणून जिना, माड आणि चपलेची टाच यांच्या वाटेला जाऊ नये.

शिखरांना तो चालतो, पण त्यांना त्याची गरज नसते. कळसूबाई 1646 मीटर; महाराष्ट्रात तिच्या वर कोणी नाही. तिथली शेवटची लोखंडी शिडी चढताना तोंडून 'उत्तुंग' निघत नाही, 'अजून किती?' एवढंच निघतं. 'उत्तुंग' सुचतो तो खाली बारी गावात चहा पोटात गेल्यावर.

क्रिकेटमध्ये मात्र सढळ हाताने वापरा. 2 एप्रिल 2011 ला वानखेडेवर धोनीने कुलसेकराला मारलेला षटकार उत्तुंग होता, वादच नाही. पण दोरीवरून जेमतेम पलीकडे पडलेलाही दुसऱ्या दिवशी उत्तुंगच छापून येतो. ठेंगणा षटकार आपल्या क्रीडापानाला माहीत नाही.

व्याकरणाची धास्ती नको. विशेषण अविकारी आहे: उत्तुंग नेता, उत्तुंग भरारी, उत्तुंग यश. लिंग-वचन सांभाळावं लागत नाही, त्यामुळे सत्कारमूर्ती ऐनवेळी बदलली तरी फलकावर फक्त नाव चिकटवायचं.

'त' तेवढे दोन मोजून घ्या. आमच्या सोसायटीच्या मावळत्या सेक्रेटरींच्या सत्काराला फ्लेक्स आला, 'उतुंग व्यक्तिमत्त्व'. पाहुणे फाटकात पोचलेले. शेवटी त्या अक्षरावर झेंडूचं तोरण सोडलं. सेक्रेटरी पाच फूट दोन इंच, त्यामुळे हार घालायला अध्यक्षांना चांगलंच वाकावं लागलं आणि तोरण त्यांच्याच डोक्यात अडकून खाली आलं. फोटो नेमका तेव्हाचा आहे.

फ्लेक्सवाल्याने पैसे चौरस फुटावर लावले. एक 'त' कमी दिला म्हणून सूट मिळाली नाही.